अठ्ठावीस मिनिटं

माझ्याकडे शिट्टी नाही, डावपेचांची फळी नाही.
एक वही आहे, आणि दाताने चावलेली पेन्सिल.
पानेवेझिसच्या या हॉलमध्ये
बाकाच्या पार टोकाला, पाण्याच्या बाटल्यांना खेटून
मी झिगिमांतासची मिनिटं लिहितो.
आत : नऊ चाळीस.
बाहेर : तीन दहा.
किराणा दुकानातली उधारीची वही असते ना, तशी.
पण वाण्यालाही एवढ्या शिव्या पडत नसतील.

सप्टेंबरात डॉक्टर एग्लेनं काळी फिल्म उजेडाला धरली :
गुडघ्याच्या वाटीखाली केसाएवढी रेघ.
‘खेळू दे,’ म्हणाली, ‘पण मोजून.
अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस.’
कोच रिमविदासनं मान हलवली.
ही तीच मान, जिच्यावर दर सोमवारी
क्लबचा मालक येऊन बसतो.

आज बाहेर उणे सोळा.
रोकिश्किसहून दीड तास बसनं आलेली एक मुलगी
सहाव्या रांगेत उभी आहे, गालावर सात नंबर,
आरशात बघून रंगवलेला, म्हणून उलटा.
चार गुणांनी मागे आहोत. पाच मिनिटं उरलीत.
वहीत बेरीज भरली.

हॉल पाय आपटतो. लाकडी बाकांतून ते माझ्या मणक्यात चढतं.
‘एकतीस वर्षांचा आहे तो, एक्याऐंशीचा नाही!’
मुलीचा बापच ओरडतोय.
त्याचं काय चुकलं?
तिकिटावर कुठे छापलं होतं
की ज्याच्यासाठी आलात तो टॉवेल पांघरून बसेल?

झिगिमांतास कोचकडे बघत नाही. माझ्याकडे बघतो.
‘दोन,’ म्हणतो. ‘उसनी दे. बुधवारी कापून घे.’

गुडघा उसनवारी मानत नाही
हे मी त्याला कसं सांगू?
चौऱ्याण्णव साली माझ्यासाठी कुणी वही आणली नव्हती.
शनिवारी चाळीस मिनिटं, रविवारी चाळीस, वर जादाची पाच.
शेवटची बास्केट माझी.
गावानं मला खांद्यावर घेऊन जिना उतरवला.
त्यानंतर कुठलाच जिना
मी धड उतरलेलो नाही.

वडील तळघरात बियाण्याचे बटाटे ठेवायचे,
वाळूत पुरून, वर गोणपाट.
मार्चमध्ये ताटात नुसती कोबी उरायची
तरी त्या कोपऱ्याकडे बघायचं नाही.
आम्ही भावंडं त्यांना कंजूष म्हणायचो.
मे महिन्यात कुणी काही म्हणायचं नाही.

मी मान हलवतो. आडवी.

एकोणीस वर्षांचा मान्तविदास उठतो,
कान लालभडक, जॅकेटची चेन अडकलेली.
पहिला फेकतो तो कड्यालाही लागत नाही.
दुसरा लागतो, आत जातो, त्याचं त्यालाच नवल वाटतं.
मग चोरलेला एक चेंडू. मग दोन फ्री थ्रो, एक आत.
झिगिमांतास टॉवेल फेकून उभा,
घसा फाटेस्तोवर त्या पोराला सांगतोय : डावीकडे! डावीकडे!
असा ओरडताना मी त्याला कधी पाहिला नव्हता.

एका गुणानं हरलो.

जिंकलो असतो तर शहाणा ठरलो असतो.
आता मालकाचा फोन येईल, वर्तमानपत्रात
‘पेन्सिलवाला’ म्हणून चार ओळी येतील,
आणि मे महिना अजून बर्फाच्या कितीतरी पलीकडे आहे.
तो वाळूतून काय काढेल, मला ठाऊक नाही.
बटाटेसुद्धा कधीकधी आतून सडलेले निघायचे.

मागच्या दारापाशी ती मुलगी थांबलीय,
नाक लाल, हातात मार्कर.
झिगिमांतास दोन-दोन पायऱ्या गाळत खाली जातो,
तिच्या टोपीवर सही करतो,
गालावरचा उलटा सात बघून हसतो.
‘तू दमला होतास?’ ती विचारते.
‘नाही,’ तो म्हणतो. खरंच सांगतो.

मग तिचा बाप वर बोट दाखवतो : तो बघ, तो.
ती माझ्याकडे बघते, डोळे बारीक करून.
मी अजून चौथ्या पायरीवर,
वही काखेत,
कठडा दोन्ही हातांनी धरून.